शुद्ध परवल

शिक्षकी पेशात कसे आलात, असं निरोप समारंभात विचारलं की सगळे गोड बोलतात. कुणाला लहानपणापासून खडूचं वेड असतं, कुणाच्या वडिलांची इच्छा असते, कुणाला देश घडवायचा असतो. माझ्या निरोपाच्या दिवशी मीही असंच काहीबाही बोलले आणि शाल-नारळ घेऊन खाली बसले. ते सगळं खोटं होतं. मी सुडापोटी मास्तरीण झाले. एका माणसाची जिरवायची म्हणून फळ्यापुढे उभी राहिले, आणि मग तिथेच उभं राहायची सवय लागली.

त्या सुडाचा कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. फुलस्केप, घडीवर फाटलेला. वर टाइप केलेलं ‘माननीय हेडमास्तर साहेब यांचे सेवेशी’, खाली माझी सही, आणि बाजूच्या समासात लाल शाईने बारीक, नेटक्या अक्षरांत लिहिलेला शेरा: ‘उच्चार कोळणीचे. वर्ग देण्यास अयोग्य.’ दाखले परत करताना कारकुनाने चुकून हा अर्जही त्यांनाच टाचून दिला. त्या कारकुनाचे माझ्यावर उपकार आहेत. रागाला काहीतरी धरायला लागतं, ते मला त्याने आयतं दिलं.

मी वेसाव्याची. सरकारी कागदावर वर्सोवा, आमच्या तोंडी वेसावे. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा मी मॅट्रिक झाले. परीक्षेचं नाव तोवर एस.एस.सी. झालं होतं, पण गावात मॅट्रिकच म्हणत. आमच्या आळीतली पहिली मॅट्रिक मुलगी म्हणून बायका मला बघायला येत. बघून झालं की विचारत, “आता काय करनार गो?”

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. टेलिफोनवर मुली घेतात असं ऐकलं होतं, पण तिथे फाडफाड इंग्रजी लागे. नर्सिंगचं नाव काढताच बाबा जेवणावरून उठले. टायपिंग शिकून ऑफिसात जावं, तर क्लास अंधेरीला आणि हात बसायला वर्ष. राहिली शाळा. तेव्हा शिक्षकांची इतकी टंचाई होती की ट्रेनिंग न झालेल्या मॅट्रिक मुलींनाही खालच्या वर्गांवर घेत, ट्रेनिंग मागाहून करा म्हणत.

आईने मात्र हे कधीच ठरवून टाकलं होतं. ती रोज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन अंधेरीच्या गल्ल्यांतून फिरायची. पाटी म्हणजे आमची टोपली. “साऱ्या अंधेरीनं मना ए म्हनून हाक मारली,” ती म्हणायची. “ए मासलीवाली, ए इकडे ये. शेंबरी पोरं पन ए म्हनतात. मास्तरनीला कोन ए म्हनत नाय. तुला अहो म्हनूं दे.”

बाबा होडीवरचे, कमी बोलणारे. मढच्या एका घरून मला मागणी आली होती. घर चांगलं होतं, दोन होड्या होत्या, माणसंही वाईट नव्हती. पण सुनेने शाळेत, ऑफिसात जायचं नाही, ही त्यांची अट. बाबांनी त्यांच्याकडून शिमग्यापर्यंतची मुदत मागून घेतली आणि मला एकदाच सांगितलं, “शिमग्याआधी शाला गावली तं मढला नाय सांगतो. नाय गावली तं हलद.”

म्हणजे माझ्यापाशी पाच महिने होते. वाचनालयात जाऊन मी ‘पाहिजेत’च्या जाहिराती वहीत उतरवून घ्यायची. घरापासून वाळूतून रस्त्यापर्यंत पाचवारी साडी आणि चपला घालून चालायचा सराव केला, कारण आईचं लुगडं आणि अनवाणी पाय यांतच मी वाढले होते. अंधेरी स्टेशनाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडून अर्ज टाइप करून घेतला. त्याने शेवटी ‘आपली आज्ञाधारक’ असं घातलं. मी म्हटलं, ‘आपली विश्वासू’ घाला. तो म्हणाला, “शाळेला विश्वासू चालत नाही ताई, आज्ञाधारकच लागतं.” त्याला माझ्यापेक्षा शाळा जास्त कळत होत्या.

एका गोष्टीची तयारी मात्र मी केली नाही, कारण ती करायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या बोलीत ळ नाही, ण नाही, आणि शब्दाच्या मधला ड आला की त्याचा र होतो. पाणी नाही, पानी. शाळा नाही, शाला. होडी नाही, होरी. मी लिहायची शुद्ध. बोलायची मात्र आईसारखी, आणि वर्गात तर फारशी बोलायचीच नाही. परीक्षा कागदावर झाल्या. कागदाला उच्चार नसतो.

दिवाळीनंतर अंधेरीच्या एका शाळेतून बोलावणं आलं. तिथली एक बाई बाळंतपणासाठी गेली होती. शिपायाने मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि न विचारता शाळेची सगळी माहिती दिली. संस्थेचे अध्यक्ष कडक शाकाहारी. नुसते घरात नाही, बाहेरही. मागच्या वर्षी आवारात अंड्याचं टरफल सापडलं, तर आधीच्या शिपायाला त्यांनी त्याच दिवशी घरी बसवलं. हेडमास्तरही तसेच, सोवळे, दर सोमवारी मुलांपुढे सात्त्विक आहारावर बोलतात. एवढं सांगून त्याने विचारलं, “तुम्ही कुठल्या?” मी म्हटलं, “वेसाव्याची.” तो जरा सरकून बसला.

नमुना पाठ तिसरीच्या वर्गावर होता. मागे दोन खुर्च्यांवर अध्यक्ष आणि हेडमास्तर. अध्यक्ष म्हातारे, मऊ चेहऱ्याचे, हातात जपमाळ. हेडमास्तर पन्नाशीचे, सोनेरी काड्यांचा चष्मा, कपाळावर चंदनाचं गंध, उजव्या कानाच्या पाळीवर मस. बोलायच्या आधी ते घसा खाकरत, आणि श आणि ष वेगळे उच्चारत. त्यांनी मला भाज्यांचा तक्ता दिला आणि म्हणाले, “घ्या वस्तुपाठ.”

मी चांगलं शिकवत होते. हे मी आज, शेकडो पाठ तपासल्यावर सांगते. मुलं बोलत होती, बोटं वर करत होती. भेंडी झाली, वांगं झालं, दुधी झाला. मग मी छडी लांब, पांढुरक्या, वळलेल्या भाजीवर ठेवली आणि म्हटलं, “हे परवल.”

मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. “काय म्हणालात बाई?”

“परवल, सर.”

“पुन्हा म्हणा.”

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल. मी मोठ्याने म्हटलं, “परवल.” आता मुलं हसायला लागली. हेडमास्तरांनी त्यांना गप्प केलं नाही. उलट हात वर करून म्हणाले, “ऐका हं मुलांनो. बाई, आणखी एकदा.” आणि मी मूर्खासारखं तिसऱ्यांदाही म्हटलं. चाळीस पोरं खिदळली.

“याला पडवळ म्हणतात,” हेडमास्तर म्हणाले. “ड. ळ. आता ‘शाळा’ म्हणा.”

“शाला.”

ते अध्यक्षांकडे बघून हसले. मग अगदी सौम्य आवाजात, जणू माझ्या भल्याचंच सांगतायत असे, मला म्हणाले, “बाई, ज्याची त्याची एक जागा असते. तुमच्या घरचा धंदा काही वाईट नाही. तिथे हा उच्चार शोभून दिसेल. टोपलीला शुद्ध भाषा लागत नाही.”

रागावून बोलले असते तर मी कदाचित विसरले असते. त्यांचा सौम्यपणा मी विसरले नाही.

घरी आले तेव्हा आई आणि शेजारच्या बायका बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. आईने माझं तोंड बघितलं आणि सगळं विचारून घेतलं. मी हेडमास्तरांची नक्कल करून दाखवली, खाकरून, चष्मा सावरून. कानावरची मस सांगितली. बायका शिव्या घालत होत्या. आई हातातले बोंबील ठेवून माझ्याकडे वळली.

“कंच्या शब्दाला हसला?” तिने विचारलं.

“परवलाला.”

“उजव्या कानावर मस? नक्की?”

“नक्की.”

आई वाळूत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला तिचा इतका राग आला की मी साडीसकट पाण्यात उतरून उभी राहिले. मग ती मागून आली आणि माझ्या कानात म्हणाली, “अगो, तो माजा परवलवाला!”

हे कळायला धंद्यातली एक गोष्ट माहीत हवी. अंधेरीत अशी बरीच घरं होती जिथे मासळी खात, पण खातो असं म्हणत नसत. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असे, कुणाची बायको कोकणातली असे, कुणाला नुसतीच चटक. अशा घरांना मागच्या दाराने माल जाई आणि नावं बदलून जाई. पापलेट म्हणजे ‘विड्याची पानं’. कोलंबी म्हणजे ‘शेंगा’. आणि ओले बोंबील, लांब, पांढरे, लिबलिबीत, म्हणजे पडवळ. फक्त आमच्या तोंडी परवल. आई गल्लीत ‘परवल, परवल’ करत गेली की शेजारीपाजारी समजत, भाजीवाली आहे. हेडमास्तरांच्या घरातून ‘ए परवल’ अशी हाक येई. बुधवारी आणि रविवारी. त्या दोन दिवशी त्या घरात धूपही फार जाळत, आणि शेजाऱ्यांना वाटे, काय भक्ती आहे! आईने त्या माणसाला नेहमी बनियनवर, गंधाशिवाय बघितलेलं. तो हेडमास्तर आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, “उद्या त्याच्या पुढच्या दारात उभी राहा आणि बोंबील म्हनून बोंब मार. अध्यक्षांच्या घरापर्यंत ऐकू जाऊ दे.”

मला वाटलं होतं आईला हे आवडेल. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी घाण बोलले होते. “माज्या आयशीनं मना दोन गोष्टी सांगितल्या,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकाच्या चुलीतलं बाहेर बोलायचं नाय. आनि कालचं आजचं म्हनून द्यायचं नाय. या दोन गोष्टींवर माजी पाटी चालते. तुज्यासाठी पन मोरनार नाय.”

“मग तो मला हसला ते तसंच सोरायचं?”

“सोरते कोन?” आई म्हणाली. “ज्या तोंडानं माज्या पोरीला हसला, त्याच तोंडानं चारचौघांत परवल बोलंल, तवा त्याच्या दारात माजी पाटी उतरल. तवर उपास.”

आणि तिने त्या घरची पाटी बंद केली. आमच्यात एकीच्या गिऱ्हाइकाच्या दारात दुसरीने पाटी उतरवायची नाही, असा दंडक. कारण सांगावं लागत नाही, विचारायचंही नाही. म्हणजे आईने बंद केलं की वेसाव्याच्या सगळ्या बायकांनी केलं. बाजारात जाऊन उघड घेण्याची हेडमास्तरांची टाप नव्हती, निम्म्या बाजारात त्यांच्या विद्यार्थ्यांचे आईबाप. भर थंडी, बोंबलाचा ऐन हंगाम, आणि त्या घरात खरोखरचं पडवळ शिजत होतं. ती थंडी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची थंडी.

एका रविवारी मी मुद्दाम आईबरोबर गेले. शेवग्याच्या झाडाआड उभी राहिले. आई पाटी घेऊन मागच्या दारावरून तशीच पुढे निघाली, तोच दार किलकिलं झालं आणि आतून हलका आवाज आला, “ए, परवल आहे का गं? परवल?” हेडमास्तर स्वतः. बनियन, पंचा, हातात झाकणाचं पातेलं. र स्वच्छ, ल स्वच्छ. माझ्या आईसारखंच, अगदी माझ्यासारखंच. आई न थांबता म्हणाली, “सपलं.” ती वळणावर पोचेपर्यंत ते दारात उभे होते.

“बोलला की गं तो!” मी आईला म्हटलं.

“चारचौघांत नाय बोलला,” आई म्हणाली.

मी काय केलं? मी माझी जीभ वळवली. त्या चार भिंतींत पुन्हा जायचं आणि त्या माणसाला नाही म्हणायला कारण उरू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. रोज वलांडीखाली बसून बायकांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची. ‘बाळ’, ‘डोळा’, ‘वाडा’, ‘कारण’. पहिले काही दिवस तर वाट लागली. जिथे ळ नको तिथेही तो यायला लागला. एकदा भुकेने कळवळून म्हणाले, “आई, मळा भूक लागळी.” बायका बोंबील टाकून हसल्या. पुढे महिनाभर कुणीही मला बघितलं की विचारी, “काय गो, मळा काय म्हनतो?” बाबा म्हणाले, “पोरीची जीभ मुरगाललीय.” मी ऐकून घेतलं. रात्री अंथरुणात पडल्यावर सुद्धा तोंडातल्या तोंडात घोळवायची: परवल नाही, पडवळ, परवल नाही, पडवळ. संक्रांतीपर्यंत तो शब्द माझ्या तोंडात असा बसला की जुना आठवून म्हणावा लागे.

संक्रांतीनंतर त्याच शाळेची जाहिरात पुन्हा आली. बाळंतपणाला गेलेल्या बाईंनी राजीनामा दिला होता. दरम्यान मी आणखी तीन ठिकाणी अर्ज केले होते. एका ठिकाणी ट्रेनिंग हवं होतं, एका ठिकाणी चेअरमनची भाची होती, एकाचं उत्तरच आलं नाही. शिमगा महिन्यावर आला होता. मढची माणसं एकदा येऊन अंगण बघून गेली. मी पुन्हा झाडाखालच्या टायपिस्टकडे गेले. त्याने शाळेचं नाव बघून विचारलं, “पुन्हा तिथेच?” मी म्हटलं, “तिथेच. आणि आज्ञाधारकच घाला.”

बोलावणं आलं. निघताना आईने मला दारात अडवलं. “चुलीतलं बोलायचं नाय. बोललीस तं मी तुजी कोन नाय.” मी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. देताना तो पाळायचाच होता.

तोच वर्ग, तोच तक्ता, मागे तेच दोघे. हेडमास्तरांनी मला ओळखलं आणि हसून छडी दिली. जरा उतरले होते, गालफडं बसली होती. मला बरं वाटलं. मी शिकवायला सुरुवात केली. वेळ, फळ, कोवळी काकडी, पाणी, वेलीवरचा भोपळा, जिथे म्हणून ळ, ण आणि ड आणता येईल तिथे आणला. मग छडी त्या लांब भाजीवर ठेवली, वळून थेट त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “हे पडवळ.” कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी जपमाळेचा हात थांबवून मान डोलावली.

हेडमास्तरांनी घसा खाकरला. “उच्चार घोकता येतात,” ते म्हणाले, “वळण घोकता येत नाही. अध्यक्षसाहेब, मुलांपुढे कुठल्या घरातलं माणूस उभं राहतं, हाही प्रश्न आहे. माझं मत मागचंच.”

म्हणजे उच्चार हे कारण नव्हतंच. तीन महिने मी जीभ सोलून काढली ती एका बहाण्यासाठी. मला समोर मढचं अंगण दिसलं, हळद दिसली, आईची पाटी दिसली. आणि मी शब्द मोडला. मुलांकडे वळून मी म्हटलं, “मुलांनो, या भाजीची एक गंमत सांगते. काही घरांत हिला परवल म्हणतात. ती बुधवारी आणि रविवारी येते. मागच्या दाराने.”

मागे काहीतरी पडलं. हेडमास्तरांच्या हातातली पेन्सिल होती.

“मागच्या दाराने?” अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं. “कुठल्या घरांत बाई?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही. सावकाश छडी टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि हेडमास्तरांकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळून भुवईत उतरलं होतं. मी कोण, कुणाची मुलगी, हे त्यांना त्या घडीला कळलं. त्यांचे ओठ हलत होते, पण श आणि ष, काहीच बाहेर येत नव्हतं. नोकरी, मान, सोमवारची सात्त्विक भाषणं, सगळं माझ्या पुढच्या शब्दावर होतं. मला तेव्हा दया आली असं लिहिलं तर ते शोभेल. आली नाही. मला आणखी थोडा वेळ हवा होता.

“आमच्या वेसाव्याला, साहेब,” मी म्हटलं.

अध्यक्ष हसले. हेडमास्तरांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि घसा न खाकरताच म्हणाले, “बाईंची... बाईंची तयारी चांगली आहे. घ्यायला माझी हरकत नाही.”

मढला निरोप गेला. बाबांनी मला काही विचारलं नाही, फक्त त्या दिवशी जेवताना माझ्या ताटात माशाची मोठी तुकडी वाढली. आईने मात्र विचारलं. मी खोटं बोलू शकले असते. पण तिच्यापुढे जमलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, “नाव नाय घेतलंस?” मी म्हटलं, “नाही.” “पन त्याच्या ताटात हात घातलास,” ती म्हणाली, आणि बोलायची थांबली. नोकरीच्या पहिल्या दिवशी आळीतल्या बायका मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. आई पाटी भरत बसली होती, तिने मान वर केली नाही. जिच्यासाठी ‘अहो’ मिळवायला निघाले, तीच माझ्याशी बोलत नव्हती. आणि शाळेत शिपायापासून सगळे मला ‘अहो बाई’ म्हणत होते.

शिमगा चार दिवसांवर होता तेव्हाची गोष्ट. वर्गात आमच्याच गावची एक मुलगी होती, मागच्या बाकावर बसणारी, कधी तोंड न उघडणारी. भाज्यांचा तक्ता लावलेला होता. मी छडी ठेवली आणि तिला विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “परवल.”

वर्ग हसला. आणि खरं सांगते, माझ्याही तोंडात ‘पडवळ म्हण’ असं आलं होतं. तीन महिन्यांच्या घोकंपट्टीने तो शब्द माझ्याच कानाला चुकीचा लागला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दाराशी घसा खाकरल्याचा आवाज आला. हेडमास्तर फेरीवर होते. कडी धरून उभे, आणि मी आता त्या मुलीला दुरुस्त करणार याची वाट बघत होते. चेहऱ्यावर तेच सौम्य हसू, जरा परत आलेलं.

मी तोंड मिटलं. मग म्हटलं, “हसू नका. पडवळही बरोबर आणि परवलही बरोबर. वेसाव्याचं नाव आहे ते. आता सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणा, परवल.”

वर्ग ओरडला, “परवल!”

“छान. आता आपले सर आलेत. त्यांच्या तोंडून ऐकू या.” मी दाराकडे वळले. “म्हणा ना सर.”

चाळीस डोकी दाराकडे फिरली. शेजारच्या वर्गातल्या बाईही डोकावल्या. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. त्यांच्या हसण्याचं काय झालं ते मी शेवटपर्यंत बघितलं.

“परवल,” हेडमास्तर म्हणाले.

उच्चार निर्दोष होता. सराव बरीच वर्षं होता.

घरी आल्यावर मी आईच्या पाठीकडे बघून सगळं सांगितलं. ती कोयता पाजळत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “चारचौघांत?”

“चाळीस पोरं होती. शिवाय शेजारच्या बाई.”

तिने बोटाने कोयत्याची धार बघितली. त्याच रविवारी तिची पाटी त्या शेवग्याच्या झाडाखाली उतरली, हे मला दुसऱ्या बायकांकडून कळलं. दुपारी आई परत आली, पाटी धुऊन पालथी घातली आणि किती दिवसांनी माझ्यासमोर येऊन बसली.

“त्याची बायको बाहेर आयली,” ती म्हणाली. “मना म्हनते, अहो, परवल आहे का? ऐकलंस? अहो.”

मी विचारलं, “मग काय दिलंस?”

“कालचं,” आई म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली.